पाच सुयांची पिवळी प्रत

सोमवार, ९ जानेवारी १९७८

फॉर्म आज पुरा झाला. चार प्रती. पांढरी आपल्याकडे, निळी आधी टपालाने मुंबईच्या अणुकेंद्राला, गुलाबी पेटीबरोबर ड्रायव्हरच्या खिशात, पिवळी तिकडच्या सही-शिक्क्यानिशी परत. पिवळी एकवीस दिवसांत आली नाही, तर पेटीचा शोध पाठवणाऱ्याने घ्यायचा. पाठवणारा म्हणजे हॉस्पिटल. हॉस्पिटल म्हणजे मी, कारकून, आणि रेडियमच्या कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्या महादेवी सिस्टर.

माल: रेडियमच्या गळक्या सुया पाच, पुसलेला कापूस, हातमोजे, चिमटा. कोणत्या सुया गळतात त्यांचे नंबर मुंबईचा माणूस डिसेंबरात तपासून लिहून देऊन गेला आहे. रकाने किती! वजन, शिशाची जाडी, डब्याबाहेर मीटर किती दाखवतो. माझ्या लग्नपत्रिकेत एवढा मजकूर नव्हता, असे सिस्टरना म्हटले.

"तुमच्या लग्नात काय गळत नव्हतं की."

बुधवार, ११ जाने.

पेटी भरली. सिस्टर शिशाच्या विटांमागे, आरशात बघत लांब चिमट्याने सुया काढत होत्या. मी दाराजवळच्या टेबलाशी. त्यांनी नंबर सांगायचा, मी लिहायचा. तीन. सात. अकरा. सोळा. वीस. अठरा वर्षे हीच रीत. मग दोघांच्या सह्या. माझ्या सहीवर छापलेले असते, 'क्रमांक स्वतः वाचून पडताळले.'

सुयांच्या नाकातले रंगीत दोरे कापून कापसात टाकले. सुई कॅन्सरच्या पेशंटच्या अंगात असते तेव्हा बाहेर फक्त दोरा दिसतो, मोजायचे ते दोरेच. सिस्टर स्वतः ओवतात, प्रत्येक सुईला वेगळा रंग. साड्यांच्या मागावरचे उरलेले रेशीम एक पद्मशाली बाई आणून देते.

माझ्या बायकोच्या, मालतीच्या वेळी त्यांत एक हिरवा होता. बांगड्या काढून ठेवाव्या लागल्या होत्या, तर म्हणाली, सिस्टर, हे हिरवं तरी…

तिला जाऊन सहा वर्षे होतील.

गुरुवार, १२ जाने.

रसूलभाई पेटी घेऊन जीपने गेला.

"साब, पीछे कोई बैठा तो चलता क्या? सास को पूना तक छोडना था."

नाही म्हटले. "अच्छाच हुआ," म्हणाला. गुलाबी प्रत खिशात घालून वर बटण लावले.

गड्ड्याच्या जत्रेची बातमी सहाच्या एस.टी.ने पुण्याच्या दैनिकाला रवाना. नोकरीशेजारी हे बातमीदारीचे काम इतकी वर्षे केले, सहाची गाडी एकदाही चुकवली नाही.

सोमवार, १६ जाने.

सिस्टर २८ फेब्रुवारीला निवृत्त. मंद्रूपला भावाच्या मळ्यात दोन खोल्या बांधून घेतल्या आहेत. सेवापुस्तकातला शेवटचा शेरा मी लिहायचा, डॉक्टर सही करणार. काय लिहू म्हणून विचारले.

"अठरा वर्षांत एक सुई हरवली न्हाय. येवढंच लिवा. बाकी काय नको."

पिवळी आली की लिहितो.

मंगळवार, ३१ जाने.

आली. सोबत पत्र. सुया पाच पोचल्या: तीन, सात, चौदा, सोळा, वीस. फॉर्मवर अकरा, डब्यात चौदा. चौदा गळत नाही. 'अकरा क्रमांकाची सुई कोठे आहे ते तारेने कळवावे.'

दोनदा वाचले. अकरा गळकी. ती गेली नसेल तर आमच्याच कपाटात आहे, चांगल्या सुयांत. आणि परवा गुरुवारी एका बाईला सुया लावायच्या होत्या.

धावत वॉर्डात. डॉक्टरांनी गुरुवारचे थांबवले. कपाट उघडून घेतले. मी म्हटले, आज मी वाचतो. सिस्टर बाजूला झाल्या. चौदाच्या खणात पिवळ्या दोऱ्याची सुई. भिंग धरले. नाकाशी कोरलेले, अकरा.

वॉर्ड रंगवायला काढला होता म्हणून पेटी गेल्यापासून कुणालाच सुया लागल्या नाहीत. रंग नसता तर…

तार केली: अकरा येथेच, वेगळी ठेवली, पत्र मागाहून.

बुधवार, १ फेब्रु.

दुपारी सिस्टर ऑफिसात आल्या. उभ्याच राहिल्या.

"भाऊसाहेब, दोन वर्षं झाली. मला नंबर दिसत न्हाय. दोऱ्याच्या रंगावर सांगत हुते. दिवाळीत नवे दोरे ओवले, तवा तांबडा-पिवळा इकडचा तिकडं झाला बगा."

मी म्हटले, मला का नाही सांगितलंत?

"तुमी कुटं विचारलं? तुमी लिवत हुता."

टेबलापासून विटांपर्यंत सहा पावले. अठरा वर्षांत मी उठून गेलो नाही. सही मात्र दर वेळी, 'स्वतः वाचून.' माझे डोळे शाबूत आहेत.

बसा म्हटले. चहा मागवला. दोघांचाही निवला.

शुक्रवार, ३ फेब्रु.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "'लिपिकाची नजरचूक' असं दोन ओळींत कळवा. कागद बंद होईल. बाईंना सुखानं जाऊ द्या." मला पटले. तासाभरात मसुदा, टंकन, सगळे तयार. सिस्टरच्या सहीसाठी नेले, वाचून दाखवले.

"हे खोटं हाय."

"अर्धं खरं आहे. मी नंबर वाचले नव्हते."

"आन माझं अर्धं?"

समजावले. तुमच्या डोळ्यांचं लिहिलं तर चौकशी लागेल. सेवापुस्तकात अठरा वर्षांच्या खाली तीच एक ओळ राहील. ती पुसता येत नाही.

"माझ्यामागं किल्ली कोण घेणार? ती नवी शिंदे सिस्टर. नजरचूक झाली हुती म्हणून सांगितलं तर ती काय शिकंल? दोरे बगूनच सांगंल की तीबी. मग येकादीच्या अंगात ती गळकी आठ दिवस…"

मी मसुदा घडी घालून खिशात घातला.

सोमवार, ६ फेब्रु.

नवे पत्र. पहिला परिच्छेद माझा: क्रमांक मी स्वतः वाचले नाहीत, ऐकून लिहिले, अशी आमची पूर्वीपासूनची रीत होती, ती चूक होती. दुसरा सिस्टरचा. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. 'दोन वर्षांपासून मला बारीक अक्षर दिसत नाही. हे मी कोणास सांगितले नाही. किल्ली जाईल अशी भीती वाटत होती.' शेवटचे वाक्य गाळू का, विचारले.

"ऱ्हाऊ द्या. खरं तेच हाय."

मग म्हणाल्या, "तुमी बरूबर लिवलंय का, ते डॉक्टरांनी वाचून दाखवावं. तुमच्या येकट्याच्या वाचण्यावर आता भागत न्हाय."

माझ्याकडे बघून हसल्या. किती दिवसांनी.

डॉक्टरांनी मोठ्याने वाचले. 'भीती'पाशी थांबले, चष्मा पुसला, सही केली. रजिस्टर टपालाने रवाना.

शुक्रवार, १० फेब्रु.

अकराची पेटी भरली. नव्याने चार प्रती. शिंदे सिस्टरने भिंगातून वाचले, सांगितले नाही, चिठ्ठीवर लिहिले. मग मी उठून गेलो, वाचले, दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिले. चिठ्ठ्या महादेवी सिस्टरनी ताब्यात घेतल्या आणि रंगाऱ्यांच्या मुकादमाकडून ताडून घेतल्या! कपाटातल्या उरलेल्या सुयांचेही सगळे असेच. दीड तास लागला.

अठरा वर्षांत सुई इतक्या जवळून पाहिली नव्हती. मालतीला लावलेल्यांपैकी ही असेल किंवा नसेल. जुने रजिस्टर काढले तर कळेल. काढले नाही.

रसूलभाई: "फिर वोच पेटी? मेरी सास भी इत्ते चक्कर नई मारती साब."

शनिवार, १८ फेब्रु.

सिस्टरना टांग्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. फळ्यावरचे सर्वांत मोठे अक्षर तेवढे सांगितले. पुढचे विचारल्यावर, "फळ्याची कड निळी हाय, ते दिसतंय." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा मार्चमध्ये कापायचा. नंतर बरोबर कोण राहणार, डॉक्टरांनी विचारले.

"भावाची बायको हाय."

"आणि हे कोण?"

"हे आमच्या हापिसातले," म्हणाल्या. जरा थांबून, "वाचून दावाया येतील."

परतताना टांग्यात पलीकडे तोंड करून म्हणाल्या, मालतीताईंच्या वेळी मला सगळं दिसत हुतं, तुमी मनात काय आणू नका. आणले नव्हते. पण त्या सांगणार हे माहीत होते.

शुक्रवार, २४ फेब्रु.

अकरा नंबरची पिवळी आली. बरोबर. खुलाशावर मात्र उत्तर नाही. डॉक्टरांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. 'विचाराधीन.'

मंगळवार, २८ फेब्रु.

निरोप. चहा, चिवडा, चादर. डॉक्टर चार वाक्ये बोलले. किल्ली शिंदे सिस्टरकडे गेली. देताना महादेवी सिस्टर म्हणाल्या, "नंबर वाच. माझी आठवण आली तरी नंबर वाच."

सेवापुस्तक माझ्यापुढे उघडे. शेऱ्याची जागा कोरी. बातमी अपुरी असली तरी सहाच्या गाडीला काहीतरी द्यायचेच, ही माझी सवय. आज काही लिहिले नाही. डॉक्टरही म्हणाले, उत्तर येऊ द्या.

स्टँडवर पोचवायला गेलो. ट्रंक टपावर चढवली. खिडकीतून म्हणाल्या, "उत्तर आलं की तुमी घिऊन या. टपालानं नका धाडू."

"वाईट आलं तर?"

"तरीबी या की."

बुधवार, १ मार्च

टपालात मुंबईचे काही नाही.

मंद्रूपच्या गाड्यांच्या वेळा डेपोत विचारून लिहून आणल्या. तिथेच रांगेत पाठीमागे उभ्या असलेल्या एका गृहस्थाकडून एकदा वाचून घेतल्या.