चार डझन, चरबीशिवाय

बुधवार, १५ डिसेंबर

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. माझं आयुष्य बदललं ती वेळ ही! नक्की माहीत आहे, कारण चायो आत्या त्याच क्षणी आतून ओरडत होती — "चार वाजून गेले, वारो, मक्याची सालं अजून कोरडी!" आणि जाळीच्या दारावर टकटक. मी तणतणत उघडलं.

नोएमी!

कॉलेजात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. दोन सत्रं मी फळ्याऐवजी तिची वेणी पाहिली. मग एका मास्तराशी भांडलो, अर्धा पेपर त्याच्या टेबलावर आपटला आणि बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. आई-बाबा डॅलसहून अजून फोनवर रडतात. मला मात्र एकाच गोष्टीचं वाईट वाटलं होतं. त्या वेणीचं.

तिला तामाल हवेत, मक्याच्या पिठात सारण भरून सालात गुंडाळून उकडलेले. चार डझन, बीफचे. "पण चरबी नको हं. डुकराचं काहीच चालत नाही आम्हाला, पिठात घालतात ती चरबीसुद्धा नाही." तिच्या घरचे शनिवार पाळणाऱ्या चर्चचे. तिचे बाबा अकरा वर्षांपूर्वी त्या चर्चमध्ये गेले, तेव्हापासून नाताळात त्यांनी एक तामाल तोंडात घातला नाही. आमच्याकडे चरबीशिवाय पीठ मळतं कोण? परवा म्हणे ते हळूच म्हणाले, मरायच्या आत एकदा खायचाय. तेव्हापासून ही दारोदार फिरतेय. तीन घरांनी नाही म्हटलं.

आत्या चौथी. "चरबीशिवाय? त्यापेक्षा वर्तमानपत्र उकडून देते की!"

नोएमीचा चेहरा पडला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "मी करतो!"

"तुला येतात?"

"येतात म्हणजे काय!"

मला अंडं उकडता येत नाही.

शुक्रवारी चोवीसला, सूर्य मावळायच्या आत पोचवायचे. मावळला की त्यांचा विश्रांतीचा दिवस सुरू. नऊ दिवस!

गुरुवार, १६ डिसेंबर

आत्या दिवसभर हसतेय. टायरच्या दुकानातलं काम संपवून आलो तरी हसतेय. "आचारी आले!"

तिचं मोठं पातेलं मला द्यायचं नाही. त्यात तिच्या वीस डझनांची ऑर्डर, अंगणातल्या शेगडीवर. शिवाय तिची बोटं सुजलीत, पातेलं उचलायला मी लागतो, आणि मी पातेल्याजवळ गेलो की तिला धडकी भरते. का, तर मी तापट! तापट माणूस जवळ आला की तामाल रुसतात, कच्चे राहतात. लहानपणापासून हेच ऐकतोय. चोवीस डिसेंबर आला की मला अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हाकलतात.

पण घरात विजेचा प्रेशर कुकर आहे! ह्यूस्टनहून तिच्या लेकीने पाठवलेला. दोन वर्षं खोक्यातच आहे. आत्या त्या खोक्यावर बसून शेंगा सोलते.

"उठ आत्या."

"का?"

"तुझी खुर्ची हवीय."

शनिवार, १८ डिसेंबर

पहिला प्रयोग. डझनभर. लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

मांस जमलं! खरंच जमलं. खांद्याचं बीफ, कांदा, लसूण, तमालपत्र — कुकरमध्ये तासभर, आणि काट्याने नुसतं टोचलं तर धागे धागे. सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटल्या, जिरं घातलं. आत्याने येता-जाता बोट बुडवून चाटलं. पुन्हा बुडवून चाटलं. तिच्यासाठी हे टाळ्यांच्या बरोबरीचं!

मग पीठ. चरबीऐवजी डब्यातलं वनस्पती तूप. वाटीभर पाण्यात पिठाची गोळी टाकायची, तरंगली तर पीठ तयार. माझी गोळी दगडासारखी तळाला. पुन्हा घोटलं. पुन्हा तळाला. कंटाळून तसंच सालांवर थापलं, सारण भरलं, गुंडाळलं, उभे लावले, झाकण लावलं. पंचवीस मिनिटं.

उघडलं तर लापशी! झाकणावरची ती छोटी कळ फिरवायची राहिली होती, सगळी वाफ स्वयंपाकघरात. मी झाकण फेकलं. ते भिंतीला लागलं. आत्या दारात.

"बघ. रुसले."

"कळ उघडी होती आत्या!"

"कळ नव्हे. तू."

रविवार, १९ डिसेंबर

झाकणाला मक्याच्या सालाची रिबीन बांधलीय आत्याने. राग बांधून ठेवायला म्हणे. मी सोडली नाही. असू दे.

सोमवार, २० डिसेंबर

नोएमीचा फोन! मीच केला होता, पण उचलला तिने, म्हणजे तिचाच.

"जमतंय ना?"

"हातचा मळ आहे."

"बाबा रोज विचारतात. आणि ऐक — ते म्हणाले, ज्याने केलेत त्यालाही शुक्रवारी जेवायला बोलाव."

मी खुर्चीवरून उठलो. मग बसलो. मग पुन्हा उठलो.

"त्यांना माहितेय मी कोण ते?"

"हो. म्हणाले, तो पेपर आपटून गेलेला? मी म्हटलं, तोच. म्हणाले, बघू हात कसा आहे त्याचा."

तिचे बाबा! तिला न्यायला आलेल्या एका पोराला त्यांनी अंगणातूनच परत पाठवलं होतं, अख्ख्या सान बेनितो गावाला माहितेय. आणि मला ताट! नोएमीच्या शेजारी की समोर? समोर बरं. चेहरा दिसतो. शेजारी त्याहून बरं. देवा, कुठेही!

आज दुसरा डझन. शिजले. खाता येतात, पण घास घशात उभा राहतो. आत्या चावत म्हणाली, "पाणी दे."

मंगळवार, २१ डिसेंबर

ती आली! स्वतः, मदतीला! केसांना फडकं बांधून. आत्याने डोळ्यांनी तिला आधी पायापासून डोक्यापर्यंत आणि मग मला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं, आणि "मला दळण आणायचंय" म्हणून निघून गेली. घरात दळणाची दोन पोती पडलीत.

नोएमीला पीठ थापता येत नाही. सालाच्या खरबरीत बाजूला थापत होती. मी — मी! — तिला शिकवलं. "गुळगुळीत बाजू. हा, असं. चमच्याच्या पाठीने." माझा आवाज अगदी आत्यासारखा झाला.

झाकणावरची रिबीन बघून म्हणाली, "हे काय?"

सांगितलं. तरीही रुसले तर पातेल्यापुढे नाचायचं असतं, तेही सांगितलं.

"आमच्या चर्चमध्ये नाचत नाहीत," ती म्हणाली.

"मग?"

"उड्या मारायला कुणी नाही म्हटलेलं नाही."

आणि मारल्या! त्या मुक्या, हिरव्या आकड्यांच्या कुकरसमोर, पिठाने माखलेले हात वर करून, चार उड्या! मीही मारल्या. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. ती हसून हसून फरशीवरच बसली.

तामाल ठीकठाक झाले. कोरडेच. तरी ती दोन खाऊन गेली. जाताना म्हणाली, "वारो, तू वर्गात कधी असा नव्हतास."

कसा? विचारायचं राहिलं!

बुधवार, २२ डिसेंबर

युक्ती सापडली. मांस शिजवलेलं पाणी पिठात घालायचं, गरम गरम. आणि घोटायचं — दहा मिनिटं नव्हे, चाळीस! दंड भरून आले. सहाव्या गोळीने पाण्यात जरा अंग हलवलं. तरंगली नाही, पण विचारात पडली.

टायरच्या दुकानात मालक म्हणाला, शिट्ट्या काय मारतोयस? चारही चाकांचे नट उलटे लावलेस. खरं होतं.

गुरुवार, २३ डिसेंबर

झालं! झालं! झालं!

पहाटे पाचला उठून पीठ घोटलं. साडेआठला नोएमीला आणायला गेलो. तिच्या आईने गाडी नेली होती. परत आलो, गोळी पाण्यात टाकली — आणि बुचासारखी वर! मी ओरडलो. नोएमी ओरडली. आत्या कोपऱ्यात तिच्या सालांवर वाकली होती, मान न वळवता म्हणाली, "शेवटी आलं हातात."

अठ्ठेचाळीस. दोन घाण्यांत. नोएमीने थापले, मी भरले आणि गुंडाळले. मधेच तिचा हात, मधेच माझा. बोलणं काही विशेष नाही. तिचे बाबा सकाळी अंघोळीला गेले की गातात, आवाज भयानक आहे. तिला मे महिन्यात पदवी मिळेल. मी परत का जात नाही? मी म्हटलं, त्या मास्तराचं तोंड बघवत नाही. ती म्हणाली, "तो तर उन्हाळ्यातच निवृत्त झाला, वेड्या." मग पुन्हा हसू फुटलं.

पहिला घाणा उघडला. वाफ गेली. साल उलगडलं तर तामाल आपोआप सुटून आला, न चिकटता, मऊ, चकचकीत. नोएमीने फुंकर घालून घास घेतला. डोळे मिटले. दुसरा उचलला. तोही संपवला. बोटं चाटली.

"वारो. माझ्या आयुष्यात असं काही खाल्लं नाही मी."

"कोरडा नाही?"

"कोरडा? बाबा रडणार आहेत!"

दारात जाताना तिने माझ्या गालावरचं पीठ पुसलं. अंगठ्याने. मी अजून तोंड धुतलेलं नाही.

शुक्रवार, २४ डिसेंबर, सकाळ

आत्याला मिठी मारून म्हटलं, तुझ्या भाच्याने करून दाखवलं की नाही! ती पातेल्यात वाकून म्हणाली, "भाच्याने केलं. मी थोडा हात लावला."

"कसला हात?"

"तू पोरीला आणायला गेलास ना, तेव्हा. पीठ रडत होतं रे. दोनच चमचे घातले."

"काय घातलं?"

तिने पातेल्याचं झाकण पुसायला घेतलं.

"आत्या, काय घातलं?"

"चरबी. आता तसा बघू नकोस! चरबी म्हणजे काय मांस असतं का? मांस बीफचंच आहे. मागितलंय ते बीफच दिलंय."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. तिने ऐकून घेतलं. मग सुजलेल्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाली, "तुझं तोंड पडलेलं मला बघवणार नव्हतं. कॉलेज सोडून आलास तेव्हापासून तू पहिल्यांदा हसत होतास."

अंगणात जाऊन लिंबाच्या झाडाला लाथ मारली. पायालाच लागलं.

तोच दिवस, दुपार

रडत बसायला वेळ नाही! मांस उरलंय, मिरचीचं वाटण उरलंय. सूर्य पावणेसहाला मावळतो. मोठ्या पातेल्यात हे जमलंच नसतं. कुकर पंचवीस मिनिटं घेतो, वाफ उतरायला पंधरा. कुकर, परात, चमचे, सगळं साबणाने दोनदा धुतलं. नवीन पीठ, नवीन डब्यातलं वनस्पती तूप. तासभर घोटलं. आत्या दारात उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. मग तिथूनच म्हणाली, "मीठ कमी आहे. रंगावरून दिसतंय." बरोबर होतं.

दोन डझनच झाले. गोळी अर्धी तरंगली. चाखला — कालच्यासारखा नाही. पण बरा आहे! घशाखाली उतरतो! आणि स्वच्छ आहे.

कालचे उरलेले सगळे आत्याच्या गिऱ्हाइकांना. हे चोवीस तिकडे. दोन डझन कमी का? सांगेन, घाण्यात बिघडले. कुणाला कळणार? तिच्या बाबांच्या पोटात काही चुकीचं जात नाही. मी ताटावर बसतो. नोएमी समोर, किंवा शेजारी. सुटलो! अंघोळ केली. निळा सदरा. आत्याने इस्त्री केली, न सांगता. मी "थँक यू" म्हटलं. ती "हं" म्हणाली. आमचं मिटलं.

पावणेपाच

नोएमीचा फोन आला होता. "लवकर ये. बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नाहीये, पोट राखून ठेवलंय. आधी जरा कचरत होते, की खात्रीचं असेल ना. मी म्हटलं, बाबा, मी स्वतः दोन खाल्लेत, माझ्या शब्दावर खा."

मी "येतो" म्हटलं. ठेवला.

डब्यातले तामाल स्वच्छ आहेत. तिचा शब्द नाही; काल तिने खाल्ले ते चरबीचे, आणि तिला ते माहीत नाही.

टेबलापर्यंत जायचं नाही. त्यांच्या अंगणातच थांबायचं, तिला बाहेर बोलवायचं, आधी तिला सांगायचं, मग तिच्या बाबांना. आत्याचं नाव घ्यायचं नाही; पीठ माझं होतं. मग डबा त्यांच्या हातात द्यायचा. घेतला तर घेतला.

ऊन उतरायला लागलंय. डबा अजून गरम आहे, काखेत धरवत नाही. दार ओढून घेतो.