जनरलच्या खाटेवरची चादर

बाबा,

इतक्या लांबून वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवणखाण वेळेवर असतं. हॉस्पिटलात रोज चाळीस खाटा आवरायच्या, म्हणून पाठ जरा धरते, एवढंच.

सुट्टीला नुसती झोपणार होते. पण खोलीतल्या मैत्रिणीने एका नावाजलेल्या जनरलच्या संग्रहालयात ओढून नेलं. नकाशे, तलवारी, पदकं बघून पायांचे तुकडे पडले. शेवटच्या दालनात त्याची छावणीतली खाट होती, आणि चादरीचा कोपरा चक्क लोंबत होता! तुमच्या फौजेत यासाठी अख्ख्या पलटणीला पळवलं असतं. माझा हात आपोआप दोरीपलीकडे गेला. तुमच्यासारखी तिरकी घडी घालून मी कोपरा गादीखाली खोचला, तशी घंटा वाजली आणि रखवालदार धावत आला.

तो ओरडणार होता, पण चादर बघून म्हणाला, “हे कुणी शिकवलं?”

“बाबांनी. तेही फौजेत होते, साधे शिपाई.”

त्याने कोपरा तसाच राहू दिला.

दादा म्हणतो, तुम्ही ठणठणीत आहात. पण त्याने पाठवलेल्या फोटोत तुमच्यामागे तुमचा पलंग दिसतोय. चादर चुरगळलेली आहे, बाबा. खरं काय ते कळवा.

तुमची धाकटी