बाईंचं पातळ पाकीट

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पीएच.डी.चा अर्ज भरून झाला. राज्यशास्त्र शिकून निवडणुकीला उभा राहणार का, असं बाबा रोज विचारतात. मी उत्तर देणं सोडलंय.

घोळ आहे तो शिफारशींचा. तीन बंद पाकिटं अर्जासोबत मीच पाठवायची आहेत. दोन्ही सरांची चांगली जाडजूड आहेत. बाईंचं उजेडाकडे धरलं तर आत एकच कागद, तोही अर्धा कोरा. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली मतदारयाद्या तपासल्या, त्याचं हे फळ? मागे भर वर्गात मी त्यांचा निष्कर्ष खोडून काढला, तेव्हा त्या नुसत्या हसल्या होत्या. मला ते तेव्हाच खटकलं होतं. तू परीक्षा विभागात रोज पाकिटं सीलबंद करतेस. न फाडता उघडायची युक्ती असली तर कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
बारक्या

१९ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

युक्ती माहीत आहे, सांगणार नाही. जोडावर बाईंची सही असेल; ती केसभर सरकली तरी आमच्यासारख्यांच्या लगेच लक्षात येतं. लहानपणी खाऊ वाटला की तू आधी माझा वाटा मोजायचास, अजून तसाच आहेस. एवढी धाकधूक असेल तर सरळ बाईंना जाऊन विचार. नाहीतर पाकीट आहे तसं पाठव.

राग नाकावर ठेव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझी ताई

२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, पाकीट उघडलं नाही. पाठवलंही नाही. त्याच्या जागी आमच्या ग्रंथपालांचं पत्र जोडलं. त्यांनी माझ्यासमोर बसून चार पानं कौतुक लिहिलं. बाईंना विचारलं असतं तर त्या पुन्हा हसल्या असत्या. आता निर्धास्त आहे.

ओरडलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.
बारक्या

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नकार आला. गुण उत्तम आहेत म्हणे, पण संशोधन जवळून पाहिलेल्या कुणाचीच शिफारस नाही. मग मी बाईंचं पाकीट फाडलं. आत एवढंच होतं: ‘या मुलाने भर वर्गात माझी चूक दाखवली आणि त्याचंच बरोबर होतं. दोन वर्षं त्याचं काम रोज पाहिलं आहे. याला घ्या. घेणार नसाल तर कळवा, मी इथे ठेवून घेईन.’

काल बाई जिन्यात भेटल्या. काय झालं, विचारलं. मी नकार आल्याचं सांगितलं. त्या कठडा धरून थांबल्या. मग म्हणाल्या, “माझंच चुकलं. चार ओळींत भागवलं मी.”

ताई, मी होकारार्थी मान हलवली.

तुझ्या लोभाला अजून पात्र असलो तर दोन ओळी लिही.
बारक्या