रिकाम्या अंड्यांचा ट्रे

सोमवार, ३ तारीख
आणि वर सूनबाई मलाच म्हणते, आई, तुम्ही यात पडू नका. मी नाही पडायचं तर कोणी, दूधवाल्याने? लग्नाला इतकी वर्षं झाली, पाळणा हलायचं नाव नाही. तिच्या तपासण्या म्हणे सगळ्या नॉर्मल. रिपोर्टचं काय सांगता, कागद तो. मी शेजारणीसमोर फक्त एवढंच बोलले की जमिनीतच दम नसेल तर पेरणारा काय करणार. खरं बोललं की झोंबतं. भरल्या ताटावरून उठली, आणि मुलगाही तिच्यामागोमाग.
ठरलं. आपण आधी फोन करायचा नाही. नाक घासत येतील.

मंगळवार, ४
आले नाहीत.
कामावर, हॅचरीत, आज उबवणीतली दोन नंबर शेडची अंडी तपासली. दिव्यावर धरलं की जिवंत अंड्यात लाल दोरे दिसतात. ही आरपार स्वच्छ. ट्रेचे ट्रे रिकाम्या अंड्यांचे, आत जीवच नाही. सुपरवायझर माद्यांच्या नावाने खडे फोडायला लागला. म्हटलं, साहेब, त्या बिचाऱ्या रोज घालतायत, त्यांच्यावर काय डाफरता? आधी नर बदला. बदलणार आहेत. माझ्या शब्दाला तिथे वजन आहे.
फोन बिघडलेला नाही. शेजारणीच्या फोनवरून लावून बघितला. वाजतो.

गुरुवार, ६
मुलगा आला! एकटाच. पण बसला नाही, दारातच उभा. म्हणतो, दोष माझ्यात आहे. पुरुषात म्हणे एक्स एक आणि वाय एक असतो. याच्यात एक एक्स जास्तीचा, पोटात होता तेव्हापासून. त्यामुळे बी तयारच होत नाही. मी लगेच म्हटलं, हे तुझ्या बापाकडचं. तर म्हणे डॉक्टर सांगतात, आईकडूनही येतो, बापाकडूनही येतो. कुणी मुद्दाम देत नाही, कुणाचा दोष नाही.
मी म्हटलं, तरी एकदा तिला परत तपासा.
तेव्हा भडकला. म्हणाला, आई, तिला दोन वर्षांपासून माहीत आहे. मला लाज वाटत होती, म्हणून तिने तोंड शिवून तुझी बोलणी खाल्ली. आता बास. आम्ही मूल दत्तक घेतोय, आणि ते तुझ्या तोंडाच्या टप्प्यात वाढवायचं की नाही ते आम्ही ठरवू.
चहा ठेवला होता. तो उतू जाईपर्यंत हा जिना उतरलासुद्धा.

शुक्रवार, ७
मला काही फरक पडलेला नाही. झोप नाही लागली ती डासांमुळे. आणि ते यांच्याकडचंच आहे. हे गेले, सुटले, निस्तरतेय मी. यांच्या काकांना तरी कुठे मूल होतं?
नंतर आठवलं, काकांचं लग्नच झालं नव्हतं. तरी.

रविवार, ९
माफीबिफी मागणं आपल्याला जमत नाही. पण मन मोठं आहे. रिकामी निघालेली अंडी आम्हाला स्वस्तात मिळतात, खायला चांगली असतात. भरलेला ट्रे घेऊन त्यांच्या घरी गेले. सुनेने दार उघडलं. ट्रेवर माझ्याच हातचं, लाल खडूने: दोन नंबर, रिकामी. तिने वाचलं. म्हणाली, आई, हे मुद्दाम की सवयीनं? मला कळेना. म्हटलं, खा गं, ताकद येते.
आतून मुलाने विचारलं, कोण आहे? ती म्हणाली, कुणी नाही, अंडी आलीत.
दार लोटलं. पण ट्रे ठेवून घेतला. म्हणजे राग गेला.
बसमध्ये बसल्यावर डोक्यात उजेड पडला. उतरून परत जाणार होते. पण तिकीट काढलेलं होतं.

सोमवार, १०
दोन नंबरमध्ये नवे नर सोडले. माद्या त्याच. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, मावशी म्हणाल्या तेच बरोबर. जुन्या नरांना गाडीत भरत होते. मी तिकडे बघितलं नाही.

बुधवार, १२
फोन केला. आधी करणार नव्हते, चुकून लागला. तीनदा. उचलला नाही. म्हणून बोलायचं ते इथे लिहून ठेवते.
ऐक रे. तिला घेऊन ये. मी दाराबाहेर एक शब्द बोलणार नाही, शेजारणीशी तर मुळीच नाही. एक्स माझ्याकडचा असेल तर असेल, घे, मान्य. तू मला कधी कमी वाटला नाहीस. तिला सांग, ट्रे सवयीनंच आणला होता. जे मूल आणाल त्याला आजी लागेल की नाही, एवढंच मला सांग. आणि घोळ नको घालूस. रविवारपर्यंत उत्तर पाहिजे.