मुकादमांची पांढरी पळी

मुकादम,

मी खाली सही करणार. माझे नाव तुम्हाला ठाऊक आहे. परंतु साऱ्या नोकरीत तुम्ही मला त्या नावाने एकदाही हाक मारली नाही, 'पंपवाले' म्हणालात, म्हणून इथेही तेच लिहितो. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. शिक्षण मराठी चौथी, उत्तीर्ण. धंदा पूर्वी हिवताप फवारणी पथकात कामगार, सध्या निवृत्त. राहणार दर्यापूर तालुका, आपल्याच पथकाच्या हद्दीतील गाव. घर स्वतःचे, वर्तणूक चांगली. तुम्हाला अकोल्याच्या कब्रस्तानात ठेवले त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. मातीला मी हजर होतो. आज तुमच्यापुढे एक तक्रार मांडायची आहे, आणि ती माझ्या सुनेविरुद्ध आहे.

मागच्या महिन्यात मला थंडी वाजून ताप आला. एक दिवस आड येऊ लागला तेव्हाच मी ओळखले, पण बोललो नाही. ज्याने उभ्या तालुक्यातल्या भिंती फवारल्या, त्याला हिवताप व्हावा ही गोष्ट उघड बोलण्यासारखी नव्हे. सून गावात आशा म्हणून काम करते. ती पिशवी घेऊन खाटेपाशी आली आणि म्हणाली, "मामाजी, बोट द्या." मी तिला सांगितले की हिवताप काय असतो ते मला शिकवू नकोस, तुझ्या जन्माआधीपासून मी या खात्यात होतो. ती म्हणाली, "शिकवून नाही राहिली मामाजी. बोट मागून राहिली." बोट दिले. आपल्या वेळी रक्ताची काचपट्टी अमरावतीला जात असे आणि उत्तर येईपर्यंत रोगी पुन्हा वावरात गेलेला असे. हिने रक्ताचा थेंब एका लहान पट्टीवर सोडला, चहा ठेवला, आणि चहा गाळून होतो तोच पट्टीवर दुसरी रेघ उमटलेली मला दाखवली. मी तिच्या हातातली पट्टी घेऊन उजेडात धरून पाहिली. रेघ होती.

गोळ्या देऊन ती थांबली असती तर ही तक्रार झाली नसती. परंतु ती अंगणात उतरली आणि मच्छर कुठून आला ते शोधू लागली. आमच्या या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट, नळाचे गोडे पाणी मध्ये कित्येक दिवस सोडून येते, म्हणून प्रत्येक घरी वापरण्याच्या पाण्याचे टाके भरलेले असते. आठवड्याला एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असे सून घरोघर सांगते. पण टाके रिकामे केले तर पुढचे पाणी येईपर्यंत धुण्याभांड्याला काय वापरायचे, याचे उत्तर कुणापाशी नसते. आमचे टाके गावात सर्वांत स्वच्छ. मी स्वतः ते घासतो. गावातले लोक अजूनही समजतात की हिवतापाचा मच्छर नालीतून येतो. मी त्यातला नाही. त्याला नितळ पाणी लागते हे मला तुम्ही शिकवले. म्हणून मी टाक्यावर झाकण बसवले आहे, आणि तसे तिला सांगितले.

"झाकण पक्कं आहे, मामाजी," ती आत बॅटरी मारत म्हणाली, "पण पाइपाजवळची फट कोन बुजवन?"

तिने चहाची पांढरी बशी पाण्यात बुडवली आणि वर काढली. एव्हाना समोरच्या घरची म्हातारी आणि आणखी चार बाया जमल्या होत्या. मी जवळ जाऊन पाहिले. बशीत अळ्या होत्या, आणि त्या पाण्याच्या पापुद्र्याखाली आडव्या पडल्या होत्या. डोके खाली करून तिरपी लटकते ती दुसऱ्या डासाची, आडवी पडते ती हिवतापाची. ही ओळख मला तुम्हीच करून दिली होती. त्या अंगणात ती ओळख असलेला मी एकटाच आहे असे मी समजत होतो, आणि सांगण्यासाठी मी तोंड उघडले, तोच सून बायांना म्हणाली, "आडव्या पडल्या ना? मलेरियाच्या आहेत."

मग ती बोलत राहिली. मामाजींना ताप आहे. आज यांना मच्छर चावला तर बिमारी त्याच्या पोटात जाईल, तिथे वाढेल, आणि दोनेक आठवड्यांनी तोच मच्छर तुमच्यातल्या कुणाला चावला की तिला देईल. म्हणून मामाजींनी मच्छरदाणीत निजायचे आणि ताप गेला तरी गोळ्या शेवटपर्यंत खायच्या. एक बाई म्हणाली, "मंग सरकार भित्ती कायले फवारते?" त्यावर सून म्हणाली, "मच्छराची मादी रक्त पिऊन जड होते, माय. उडता येत नाही तिले. मंग जेवल्यावर तुहा मालक टेकते तशी भित्तीले टेकते. तिथंच गाठाचं तिले." बाया हसल्या. समोरच्या म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले तं वाटलं मुकादमच बोलून राहिले."

मुकादम, ते वाक्य तुमचे आहे. ते तुम्ही त्याच म्हातारीच्या ओट्यावर बसून म्हणाला होतात, तेव्हा ती नवी सून होती. भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आधीचे दिवस होते. तिने स्वयंपाकघर फवारू दिले नव्हते. आत देव आहेत म्हणाली. मी तिला शासनाचा आदेश सांगितला, तिच्या सासऱ्याला उभे केले आणि फवारले. दारावर गेरूने तारीख घातली. आठ दिवसांनी आपण त्याच गल्लीतून जातो आहोत, तुम्ही डोकावून पाहता, आणि भिंत शेणामातीने नव्याने सारवलेली आहे. औषध सारवणाखाली गेले, दारावर तारीख तेवढी उरली. मी पुन्हा आदेश सांगायला पुढे होतो. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे घेता, ओट्यावर बसता आणि पाणी मागता. ती तुमच्यासाठी वेगळा ठेवलेला पेला आणते. तुम्हाला ते कळते. तुम्ही न कळल्यासारखे पिता, आणि जेवून भिंतीला टेकणाऱ्या मालकाची गोष्ट सांगता. ती हसते. मग ती आपल्या हाताने देव बाहेर आणते, मडकी हलवते, आणि दिवाळीपर्यंत सारवणार नाही असा शब्द देते. मी बादलीतला पंप मारतो आणि नळी तुमच्या हातात असते. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "पंपवाले, भित्त ओली करता येते तुमाले. घरात जाता येत नाही."

ते बोलणे मला त्या दिवशी मान्य नव्हते आणि आजही नाही. आदेश खरा होता. परंतु भिंतीला टेकणाऱ्या मालकाचे तुमचे ते वाक्य त्या म्हातारीने जपले, माझ्या सुनेला सांगितले, आणि सुनेने माझ्या अंगणात, माझ्या टाक्यापाशी, माझ्या अळ्या बशीत धरून ते वापरले. पंप माझ्या हातात होता. मी दोन हात अंतरावर उभा होतो. गावात 'मुकादमांसारखे' असे कुणी म्हणायचेच झाले तर ते मला म्हणायला हवे होते. मी वाट पाहिली. तुमच्या निवृत्तीनंतर पाहिली, माझ्या निवृत्तीच्या दिवशीही पाहिली. ते शब्द आले, आणि माझ्या डोक्यावरून तिच्याकडे गेले.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा अळ्या पाहण्याची ती लांब दांड्याची पांढरी पळी मला दिलीत. पथकात आणखी माणसे होती, पण दिलीत मला. इतकी वर्षे मी ती खिळ्यावरून उतरवून पुसतो आणि पुन्हा टांगतो. ती माझी सनद आहे असे मी धरून चाललो होतो. आता खाटेवर पडल्या पडल्या तुमचे त्या वेळचे शब्द मी पुन्हा आठवून पाहिले. "ही तुमच्यापाशी राहू द्या, पंपवाले. तुमी जपसान." मी जपीन, एवढेच तुम्ही म्हणाला होतात. वापरीन असे म्हणाला नव्हतात.

सुनेने फट सिमेंटने बुजवली आणि टाक्यात गप्पी मासे सोडले. ते अळ्या खातात. नंतर ती म्हणाली, "मामाजी, बशी लई लहान पडते. समोरच्या आजीच्या टाक्यात खोलवर हात जात नाही. खिळ्यावरची पळी नेऊ का?" दोन दिवस पळी खिळ्यावरच राहिली. तिने पुन्हा विचारले नाही, बशी घेऊनच जात राहिली. तिसऱ्या दिवशी मी पळी उतरवून तिच्या पिशवीवर ठेवली आणि सांगितले की ही दिलेली नाही, वापरायला आहे. रोज संध्याकाळी खिळ्याला लागली पाहिजे. ती "बरं" म्हणाली. रोज लागते. धुतलेली, पुसलेली.

हे पत्र मी घडी करून गादीखाली ठेवीन. टपालात टाकणार नाही. मात्र एक गोष्ट लिहून ठेवणे भाग आहे. काल सून भाकरी थापत होती तेव्हा मी पळी घेऊन टाक्यावर गेलो. झाकण सरकवले, तुम्ही शिकवल्याप्रमाणे पळी कडेने तिरपी बुडवली आणि हळू वर आणली. पुन्हा बुडवली, चारही कोपऱ्यांत. एक तरी अळी सापडावी अशी माझी इच्छा होती. सापडली नाही. पाणी नितळ होते.

हे लिहिताना हजर: चुलीपाशी सून, जिला यातले काही ठाऊक नाही, टाक्यातले मासे, आणि खिळ्यावर पळी, जी तिने आत्ताच आणून टांगली आहे आणि अजून ओली आहे.