पिवडीच्या रेघेमागं बावन्न जण

चिकलठाणा, औरंगाबाद
ता. २९ सप्टेंबर १९८८

तीर्थरूप मुंजाबा मामांच्या पायांवर (पाय सध्या पाचोडात आहेत की मेंढरांमागं गोदाकाठी, ते ठाऊक नाही, जिथं असतील तिथं) जावई मल्हारी याचा दंडवत.

मी इथं खुशाल आहे, उजव्या पायाचा अंगठा सोडून. तुमचा गुडघा कसा आहे? यंदा पाऊस हटायचं नाव घेत नाही, तेव्हा कोकरांच्या खुरांकडं लक्ष असेलच. मामींचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. चि. म्हाळसा पाच महिन्यांची झाली. बारशाला पाहिली तेव्हा ती पूर्ण वेळ झोपलेली होती, त्यामुळं आमची अजून नीट ओळख झालेली नाही. हे पत्र तुम्हाला बानाच वाचून दाखवणार हे मी जाणतो, कारण तुमच्या घरात सातवी पास ती एकटीच. (बाने, कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस. वर पायांबद्दलचा कंस वाचून बसली असशील तर राहू दे, पण इथून पुढं सांभाळ.)

मामा, बारशाच्या दिवशी चार माणसांत तुम्ही जे बोललात ते मी विसरलेलो नाही. "जावईबापू, तुमची नौकरी आज हाय, उद्या नाय. पक्का कागद दाखवा, मंग लेक बी न्या न् नात बी न्या." तुमचं म्हणणं रास्त आहे. तीन वर्षं झाली, कंपनी मला दर सहा महिन्यांनी काढते आणि आठ दिवसांनी, जणू कधी तोंडच पाहिलं नव्हतं अशा थाटात, पुन्हा घेते. पण माझीही अडचण बघा. माझं नाव मल्हारी, बायको बाना, लेक म्हाळसा; सगळा देव्हारा जमलेला आहे, आणि खोलीत मी आणि एक स्टोव्ह. शेजारीपाजारी हसतात. म्हणून जेव्हा पक्क्या नोकरीची संधी आली, तेव्हा मी मागचापुढचा विचार न करता चिखलात उडी घेतली. हे नुसतं बोलायची पद्धत म्हणून लिहीत नाही, खरोखरच घेतली, ते पुढं येईलच.

झालं असं की आमच्या कंपनीत वेल्फेअर ऑफिसर म्हणून तात्यासाहेब आहेत. माणूस भला, पण त्यांना मासिकं वाचायची सवय. विलायतेत म्हणे बायामाणसं, म्हातारे, बँकेतले साहेब असे सगळे दानधर्मासाठी चिखलातून पळतात आणि पळताना हसतात. त्याचा फोटो त्यांनी आम्हाला कँटीनमध्ये दाखवला. (आम्ही आयुष्यभर चिखलातून चाललो, आमचा फोटो कुणी काढला नाही.) करमाडच्या पलीकडं आपल्या धनगरांची एक वाडी आहे. तिथल्या शाळेचे पत्रे उन्हाळ्यातल्या वादळात उडाले आणि पोरं तेव्हापासून लिंबाखाली बसतात. साहेबांनी कंपनीकडून कबूल करून घेतलं की करमाडहून निघून शेतातून, तळ्याच्या कडेनं, शाळेपर्यंत जितकी माणसं पळत पोचतील तितके पत्रे कंपनी देणार. पोचणाऱ्याच्या तळहातावर साहेब स्वतः शिक्का मारणार. शाळेला पत्रे लागत होते चाळीस आणि आम्ही नावं दिली बावन्न जणांनी. मी त्या भागात मेंढरं राखलेली, म्हणून रस्ता आखायचं काम माझ्याकडं आलं. साहेब म्हणाले, सगळे सुखरूप पोचले तर पक्क्या नोकरीसाठी तुझं नाव मी वर पाठवतो. कुणी हरवलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इथं आमच्या कँटीनबद्दल थोडं सांगायला हवं. नामांतराच्या वादापासून तिथली बसायची जागा बदललेली आहे. युनिव्हर्सिटीला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणणारे खिडकीकडं बसतात, नको म्हणणारे दाराकडं, आणि मी नळाजवळ. हात धुवायला बरं पडतं असं मी सांगतो. माझ्या शेजारच्या मशीनवरचा साहेबराव खिडकीकडचा, सत्याग्रहात अकरा दिवस जेलमध्ये राहून आलेला. तो मला म्हणतो, "मल्हारी, तीन वर्षं हात धुतोय, अजून निघंना व्हय काय लागलंय ते?" पण शाळेच्या पत्र्यांसाठी खिडकीकडच्यांनीही नावं दिली आणि दाराकडच्यांनीही, एकमेकांकडं न बघता.

आता माझी चूक. रस्ता चुन्यानं आखायचा असं ठरलं होतं. शनिवारी करून बघितलं तर ओल्या काळ्या रानात चुना घटकाभरात दिसेनासा झाला. मग मी डोकं चालवलं. (बाने, हसू नकोस.) गुलमंडीवर जाऊन पिवडीची दोन पोती आणली, तीच आपण भिंतींना लावतो ती पिवळी माती, आणि रविवारी, पळायच्या दिवशी, उजाडताच करमाडपासून शाळेपर्यंत अशी झक्क पिवळी रेघ ओढली की विमानातून दिसावी. माझं मलाच कौतुक वाटलं. मामा, मी जन्मानं धनगर, कपाळाला भंडारा लावल्याशिवाय पाणी न पिणारा. आणि वाडीतली माणसं रानात पडलेली पिवळी रेघ बघून काय समजतील, हे माझ्या टाळक्यात आलं नाही! तीन वर्षं मशीनवर काढली की माणसाचं असं होतं.

गवताला निघालेल्या वाडीतल्या बायांनी ती रेघ पाहिली. त्यांच्या पुढारी सारजाबाई, वय सत्तरच्या आसपास, आवाज पंचविशीतला. देवाचा भंडारा चिखलात सांडलाय, आता ढोरं तुडवणार, म्हणून त्या नऊजणींनी पायातलं काढलं, शाळेकडची सगळी रेघ चिखलासकट पदरात भरली आणि बिरोबाच्या ठाण्याकडं निघाल्या. ते ठाणं तळ्याच्या पोटाला, पाणी धरलेल्या चिबड रानाच्या मधोमध, एका उंचवट्यावर आहे. वाटेनं पदरातून थोडी थोडी पिवडी सांडत गेली. म्हणजे मी आखलेला रस्ता अर्ध्यावर संपला आणि तिथून सारजाबाईंचा रस्ता सुरू झाला.

आठ वाजता आम्ही सुटलो. सगळ्यांच्या पुढं मी. कापसातून, बाजरीच्या बांधानं छान चाललं होतं. मग रेघ डावीकडं वळली. मला वाटलं, सकाळी अंधुकात आपणच अशी ओढली असेल. (खरं सांगतो, शंका आली होती. पण मागं एक्कावन्न माणसं असली की पुढच्याला थांबता येत नाही.) पुढं पाणकणसं लागली, मग घोट्याएवढा गाळ, मग गुडघ्याएवढा. पहिल्या शंभर पावलांत निम्म्या लोकांचे बूट गेले आणि उरलेल्यांनी हातात घेतले. स्टोअरमधला एक जाडजूड गडी पालथा पडला. त्याला उठवायला गेलेले चौघं पडले, आणि त्यांना हसणारे आठ. मामा, थोड्या वेळानं कुणी कुणाला ओळखेना. ज्याचा हात हाताला लागेल तो धरायचा आणि ओढायचा. दाराकडच्या एकानं मिठी मारून साहेबरावाला बाहेर काढलं आणि तोंड पुसल्यावर कुणी कुणाला धरलंय ते दोघांना कळलं. मग दोघांनी मिळून मला शिव्या दिल्या.

असे आम्ही बिरोबाच्या ठाण्यावर पोचलो. सारजाबाईंना वाटलं, देवाच्या ओढीनं एवढी माणसं अनवाणी आली. त्यांनी एकेकाच्या कपाळाला पिवडी फासली आणि घुगऱ्या हातावर ठेवल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "कोन्या मुडद्यानं येवढा भंडारा चिखलात सांडला रं? घावला तर मला दाखव." मी म्हटलं, बघतो. (घुगऱ्या मी तरीही खाल्ल्या. दोनदा.)

तिकडं शाळेपाशी तात्यासाहेब पांढरा शर्ट घालून, गळ्यात घालायचे हार आणि बँडवाले घेऊन दोन तास उभे. शेवटी कुणीच येईना तेव्हा शिक्का आणि शाईचा डबा वरच्या खिशात टाकून ते स्वतः शोधायला निघाले. आम्ही दिसल्यावर त्यांना आनंद झाला आणि ते सरळ आमच्याकडं आले. सरळ यायची ती जागा नव्हे. ठाण्यापासून वीस हातांवर ते कमरेपर्यंत रुतले. मी बायांकडून तीन घोंगड्या मागून, पीळ घालून, दोर तयार केला. मेंढरू रुतलं तर आधी त्याचे पुढचे पाय मोकळे करावे हे तुम्हीच मला शिकवलं. साहेबांना पुढचे पाय नसल्यामुळं मी हातांवर भागवलं. आता ओढणार, तोच साहेबराव पुढं झाला.

"साहेब, दोर तयार हाय. पर आदी शिक्के मारा."

"अरे, शेवट शाळेपाशी आहे!" साहेब म्हणाले.

"शिक्का तुमच्या खिशात हाय. शिक्का जिथं, शेवट तिथं. शाळेपर्यंत आता कोनात बी दम नाय, आन् पत्रे तर पायजेतच."

सत्याग्रह केलेल्या माणसाला कुठं बसायचं ते बरोबर कळतं, तो तिथंच चिखलात मांडी घालून बसला. मग आम्ही बावन्नच्या बावन्न. खिडकीकडचे, दाराकडचे, आणि यावेळी मीही. तिथं नळ नव्हता. साहेबांनी आभाळाकडं बघितलं, मग खिशात हात घातला. एकेक जण सरपटत जाऊन तळहात पुढं करायचा आणि साहेब कमरेएवढ्या गाळात उभे राहून ठप्प करून शिक्का मारायचे. बारा-पंधरा झाल्यावर त्यांनाही हसू फुटलं. शेवटी सारजाबाईही आठजणींना घेऊन हात पुढं करून आल्या. आम्ही बी चालतच आलो न्हवं, म्हणाल्या. त्यांनाही शिक्के मिळाले. मग सगळ्यांनी मिळून साहेबांना ओढून काढलं, बूट सोडून.

एकही माणूस हरवला नाही, मामा. सोमवारी तात्यासाहेबांनी मला ऑफिसात बोलावून एक कागद हातात दिला. त्याचं खाली लिहितो. मामींना नमस्कार, म्हाळसाला आशीर्वाद, आणि मेंढरांना माझी आठवण असेल तर त्यांनाही कळवावं.

आपला जावई,
मल्हारी

ता. क. कालच वाडीला पत्रे पोचले, एकसष्ट. शाळा झाकून उरलेल्यांची पडवी होणार आहे. ती पिवडी मीच सांडली हे सारजाबाईंना कृपा करून कुणी सांगू नये. त्यांची बहीण पाचोडच्या बाजाराला येते.

दुसरा ता. क. मामा, तुम्ही कागद दाखवा म्हणालात. तो याच पाकिटात घातला आहे. कंपनीचं नाव छापलेलं आहे, माझं पूर्ण नाव आहे, साहेबांची सही आहे आणि गोल शिक्का आहे. हातात घेऊन नीट बघावा. वाचून बाना दाखवेलच.

तिसरा ता. क. (बाने, हे सगळं कंसात आहे. तो मेमो आहे. कंपनीच्या अधिकाऱ्याला चिखलात उभं करून शिक्के मारून घेतले याचं कारण सात दिवसांत लेखी द्या, असं त्यात म्हटलंय. वरून हुकूम आला म्हणून साहेबांना द्यावा लागला. देताना म्हणाले, उत्तर नीट लिही, दिवाळीपर्यंत तुझं नाव लावायचं बघतो. साहेबराव म्हणतो, उत्तर आपण बावन्न जण मिळून देऊ. तेव्हा भिऊ नकोस.

खोटं वाच असं मी म्हणत नाही. मामांशी खोटं बोलायची माझी छाती नाही, म्हणून तर कागद तुझ्या हातात दिलाय. आहे तसा वाचलास तरी मी रागावणार नाही. दिवाळीपर्यंत थांबेन, मला थांबायची सवय आहे. पण लेक थांबत नाही गं. ती पालथी पडायला लागली हेसुद्धा मला बाजाराला आलेल्या माणसाकडून कळलं. आता रांगेल, तेही कुणीतरी येऊन सांगेल. मला तिला रांगताना बघायचंय. रविवारी पाचोडहून येणाऱ्या दोन्ही गाड्यांना मी स्टँडवर आहे.)