दुमडलेलं पान

बुधवार, २८ सप्टेंबर १९९४

मिनीने दुपारी पुस्तक परत दिलं. एक पान दुमडलेलं. मीच हौसेने आणलं होतं, तिच्या वयाच्या मुलांसाठीची कादंबरी, धाकटा भाऊ नदीत बुडालेल्या मुलीची. वाटलं, आपला धाकटा राजू गेल्यापासून गप्प झालेली ही पोर निदान रडेल तरी.

"कसं वाटलं?"

"झूठ है सब, दादा."

दुमडलेल्या पानावर अख्खं घर नदीवर जाऊन त्या भावाला निरोप देतं. मग ती मुलगी पोटभर जेवते.

संध्याकाळी बाबा दशाश्वमेध घाटावरून आले. पितृपक्ष ना, दिवसभर यात्रेकरूंची श्राद्धं सांगून घसा बसलेला. ताटावर बसल्यावर मिनीने विचारलं, "बाबा, राजूचं कधी?"

"मोठ्यांनी धाकट्याचं करायचं नसतं, बाळ."

"घरात तर सगळेच त्याच्याहून मोठे आहेत."

बाबा हात धुवायला उठले.

आणि मी म्हणे लेखक! गोष्टींचे शेवट मोडून-जोडून दाखवतो मित्रांना. या घराला द्यायला एकही शेवट नाही माझ्याकडे. मघापासून ते पान नखाने घासून सरळ करतोय. घडी जात नाही.

मिनीच्या ताटात भात तसाच होता.